बिनगळाची काठी

सोलापुरात बाळीवेशीच्या मागच्या बोळात गुरुलिंगअण्णांचा नाडीचा कारखाना होता. कारखाना हा अण्णांचा शब्द. बाकीच्यांना तिथे एक लांबट खोली, खडखडणारी दोन यंत्रं आणि त्यांच्यामध्ये मांडी घालून बसलेले अण्णा एवढंच दिसे. यंत्राच्या ताटलीवर बॉबिना एकमेकींना चुकवत, फुगडी आणि झिम्मा एकदमच खेळायला घेतल्यासारख्या फिरायच्या आणि वरच्या तोंडातून विणलेली नाडी सावकाश बाहेर यायची. लेंग्याची नाडी, परकराची नाडी, पिशवीची नाडी. अकलूजच्या बाजारापासून टेंभुर्णीच्या नाक्यापर्यंत जेवढे लेंगे आपापल्या जागी टिकून होते ते आपल्या जिवावर, असं अण्णांचं प्रामाणिक मत होतं. ते खोडून काढायला सहसा कुणी धजत नसे, कारण खोडणाऱ्यानं बहुधा लेंगाच घातलेला असे.

अण्णा पन्नाशीचे. डग्ग्यासारखे बुटके आणि भरदार. माणूस भेटला की लोक त्याच्या तोंडाकडे बघतात, अण्णा कमरेकडे बघत. इलॅस्टिक तेव्हा नुकतंच बाजारात पसरायला लागलं होतं आणि अण्णांच्या दृष्टीनं कलियुगाची ती खरी खूण होती. "नाडी माणसाला विचारती, जेवलास किती, घट्ट बांधू का सैल. इलॅस्टिक काय विचारतंय? नुसतं धरून बसतंय, सरकारी माणसासारखं," असं ते गिऱ्हाइकाला ऐकवत. गिऱ्हाईक हसून मान डोलवी आणि पुढच्या दुकानात जाऊन इलॅस्टिक घेई.

कारखान्याच्या मागच्या दारातून थेट घरात जाता येई. दुपारी त्या दाराशी बांगड्या वाजत आणि त्यांच्या पत्नी गौरम्मा कानडीत हाक मारत, "ऊटाक बर्री." म्हणजे जेवायला या. ही हाक आली की अण्णा धावतं यंत्र थांबवत, मग समोर गिऱ्हाईक असो की साक्षात यम असो. चुलीपुढे त्यांचा एक पाट होता. त्या पाटावर बसून तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि वर तेलाची धार. अण्णांना स्वर्गाची फारशी उत्सुकता नव्हती त्याचं कारण हा पाट.

घर कडक शिवभक्तांचं. गळ्यात लिंग, कपाळी विभूती. मांसमच्छीचं नावसुद्धा उंबऱ्याच्या आत चालत नसे. मीन राशीला त्या घरात 'शेवटची रास' म्हणत. काडेपेटीवर एकदा माशाचं चित्र आलं, तर गौरम्मांनी ती पेटी चिमट्यानं उचलून परत पाठवली होती. अशा घरातल्या माणसाच्या हातात मासे धरायची काठी यावी, हे कुणा ज्योतिषालाही सांगता आलं नसतं, कारण त्यालाही शेवटच्या राशीचं नाव घ्यावं लागलं असतं.

काठी आणली कुंडलिकनं. कुंडलिक अण्णांचा भाडेकरू. कारखान्याच्या वरच्या खोलीत राही आणि गिरणीच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करी. मूळचा माढा तालुक्यातला. ज्या गावाला ओढासुद्धा पावसाळ्यापुरता माहेरपणाला येतो, तिथला हा गडी नेव्हीत भरती झाला आणि बरीच वर्षं बोटीवर भात शिजवून परत आला. येताना त्यानं काय आणावं? कुणी रेडिओ आणतं, कुणी घड्याळ. कुंडलिकनं दोन माणसांना पुरून उरेल एवढी लांब, दोन तुकड्यांत जोडायची काचतंतूची काठी आणली आणि तिला लावायची पितळी चकरी. परक्या बंदरातला एक खलाशी किनाऱ्यावर उभा राहून त्या काठीनं लाटांच्या पलीकडे गळ फेकत असे. कुंडलिकनं त्याला डबाभर खर्डा करून दिला. तो खाऊन खलाशी रडला आणि रडता रडता काठी देऊन बसला, असं कुंडलिक सांगे. सोलापूरपासून समुद्र किती लांब, हा हिशोब त्या आनंदात राहून गेला.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, तळी भरली होती, आणि कुंडलिकच्या काठीचा दोर मात्र कुजला होता. तो एक वीतभर तुकडा घेऊन कारखान्यात आला.

"मालक, ह्याच्यागत नाडी विणता यील का?"

अण्णांनी तुकडा डोळ्यांजवळ धरला. सुतळीच्या दहाव्या हिश्शाइतका बारीक, पण विणलेला. "ही कुणाच्या लेंग्याची म्हणायची?"

"लेंग्याची न्हाय. गळाची हाय."

"गळाची म्हणजे?"

"मासं धराय लावत्यात."

अण्णांनी तुकडा टाकला आणि हात धोतराला पुसले. यंत्र खडखडत राहिलं. थोड्या वेळानं अण्णा वाकले आणि तुकडा पुन्हा उचलला. कारण वीण फार सुंदर होती.

"कुठल्या गड्यानं विणली असेल की," ते हळूच म्हणाले. "एक धागा वर नाही, एक खाली नाही. कुंडलिकराव, विणून देतो. पण तो शब्द ह्या खोलीत काढायचा नाही."

"मग काय म्हनू?"

"पाहुणे म्हणा."

त्या दिवसापासून कुंडलिक पाहुणे धरायच्या गोष्टी करू लागला. बोळातल्या लोकांना वाटलं, बायको मिळेना म्हणून गड्याचं डोकं फिरलं.

नायलॉनचा बारीक धागा पैदा करून अण्णांनी एका यंत्राची चाकं बदलली, वजनं हलकी केली आणि बरेच दिवस लेंगे वाऱ्यावर सोडून तो दोर विणला. झाला तेव्हा त्यांनी तो बोटांतून असा सोडून बघितला की नव्या सुनेनं पैठणी बघावी. पण एक अडचण होती. लेंग्याची नाडी कामाला आलेली रस्त्यात दिसते. ह्या दोराचं काम बघायचं कुठं?

"होम मैदानावर जाऊ," अण्णा म्हणाले.

"तितं पानी न्हाय की मालक."

"पाणी कशाला पायजे? नाडी किती लांब जाती तेवढंच बघायचंय."

अशा रीतीनं समुद्रावरची ती विद्या सोलापूरच्या धुळीत अवतरली. गळाऐवजी दोराच्या टोकाला गवंड्याचा ओळंबा बांधला. कुंडलिकनं ओळंबा मागे जमिनीवर ठेवला, काठी खांद्याशी घेतली, कंबर वळवली आणि वरचा हात पुढे रेटत खालचा छातीकडे ओढला. काठी वाकली, सुटली, चकरी गुणगुणली आणि ओळंबा मैदानाच्या मध्यावर जाऊन पडला. अण्णांनी काठी मागून घेतली.

पहिल्या फेकीला चकरीवर सुगरणीचं घरटं झालं. ओळंबा पायाशी पडला तरी चकरी फिरतच राहते आणि दोर स्वतःवरच चढतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वेळीही घरटं. कुंडलिक वैतागला, पण अण्णा खूश. ते धुळीत बसले आणि गुंता सोडवू लागले. आयुष्यभर धाग्यात राहिलेल्या माणसाला गुंता म्हणजे जेवणानंतरची सुपारी. अंगठा चकरीवर कधी ठेवायचा, कधी उचलायचा, हे त्यांच्या अंगठ्याला उमगलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मग त्यांनी डग्ग्यासारखं ते शरीर असं फिरवलं की धोतराचा सोगा वेगळा आणि ते वेगळे झाले. ओळंबा गेला. जातच राहिला. ज्या माणसानं जन्मभर नाडी हातहात मोजून विकली, त्याची नाडी एका दमात मैदान ओलांडून गेली आणि अण्णा तोंड उघडं टाकून बघत राहिले.

ओळंबा भेळवाल्याच्या चुरमुऱ्यांच्या पोत्यात गेला होता. अण्णांनी नकळत चकरी फिरवायला घेतली, तेव्हा पोतं आडवं होऊन चुरमुरे सांडत त्यांच्याकडे यायला लागलं आणि पोत्यामागून भेळवाला.

"काय करायलाव हो अण्णा?" भेळवाल्यानं विचारलं. त्याच्या लेंग्याला त्यांचीच नाडी होती.

"नाडी बघायलोय."

"मग माझ्या चुरमुऱ्यात काय हाय तुमची नाडी?"

मैदान सुटलं. दुसरी मोकळी जागा म्हणजे तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा तलाव. तिथे पोती नव्हती. पण तिथे पाहुणे होते, म्हणून अण्णांनी आधी गळ्यातल्या लिंगाला हात लावून कुंडलिकला सांगितलं, "माझ्या काठीला गळ लागणार नाही. कधीच नाही. ओळंबा जाईल, ओळंबा येईल." कुंडलिकला ती काठी एके काळी आपली होती हे आठवलं, पण घरभाडंही आठवलं, आणि त्यानं स्वतःसाठी वेळूची एक साधी काठी केली.

दर रविवारी दोघे एसटीनं निघत. काठी जुन्या धोतरात गुंडाळलेली. कंडक्टरनं विचारलं तर अण्णा सांगत, "पडद्याची दांडी." पडदा केवढा असेल ह्या विचारात कंडक्टर पुढं जाई.

तलावात, काठापासून दूर, पाण्यात एक वठलेली बाभूळ उभी होती. तिच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले असत. अण्णांनी पहिल्याच दिवशी ठरवलं की ओळंबा त्या बाभळीच्या पलीकडे टाकायचा. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. पण कारखान्यात बसल्या बसल्या त्यांची नजर भिंतीतून आरपार त्या बाभळीवर जाऊ लागली आणि एकदा परकराची नाडी परकरापेक्षा लांब विणली गेली.

ओळंबा बाभळीच्या अलीकडेच पडे. अण्णांनी विचार केला. पाण्यात भिजून दोर मऊ पडतो, लोळतो, चकरीवर अंग टाकून बसतो. ह्याला ताठपणा पाहिजे. आणि सोलापूरच्या माणसाला धागा ताठ करायचा एकच उपाय माहीत असतो. खळ. आमच्या गावात बिनखळीचा धागा म्हणजे बिनअंघोळीचा पाहुणा, मागाच्या जवळही कुणी येऊ देत नाही. नेव्हीतल्या कुणाला सुचलं नसतं, परदेशातल्या खलाशाला तर नाहीच, की पाण्यात टाकायच्या दोराला पिठाची खळ लावावी. अण्णांना दुसरं काही सुचलंच नसतं. त्यांनी घरच्या डब्यातून ज्वारीचं पीठ काढलं, कारखान्यातल्या शेगडीवर पातेल्यात शिजवलं, दोराला फासलं आणि बोळात ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत वाळत घातलं. दोर तारेसारखा कडक झाला. पुढच्या रविवारी ओळंबा बाभळीच्या बुंध्यापर्यंत पोचला. पाणकावळे उडाले.

आणखी एक गोष्ट झाली, ती अण्णांच्या ध्यानात आली नाही. कुंडलिकच्या वेळूच्या काठीला पाहुणे पटापट लागायला लागले. अण्णा सतत लांब बघत, कुंडलिक जवळ बघे. त्याला दिसलं होतं की अण्णांचा दोर पाण्यातून परत येतो तेव्हा त्याच्यामागून काय काय येतं. पण स्वयंपाकी माणूस, आयती फोडणी पडत असेल तर तोंड उघडत नाही. तो गुपचूप आपला गळ अण्णांच्या दोराशेजारी सोडी आणि म्हणे, "मालक, तुमचा पायगुन हाय."

इकडे गौरम्मांच्या डब्यातलं पीठ लवकर संपायला लागलं होतं. त्यांनी उंदरांवर संशय घेतला.

मग ईरम्माक्का तुळजापूरहून एसटीनं परत आल्या. ईरम्माक्का अण्णांची थोरली बहीण. बोळाच्या तोंडाशी राहत. त्यांची दृष्टी अशी होती की सुईत दोरा ओवता येत नसे, पण दोन गल्ल्यांपलीकडची भांडणं दिसत. एसटीच्या खिडकीतून त्यांनी तलावाच्या काठावर आपल्या भावाला बघितलं. हातात ती काठी. त्या घरीसुद्धा न जाता थेट गौरम्मांकडे आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बांगड्या वाजल्या. अण्णांनी यंत्र थांबवलं. हाक आली नाही. मागच्या दारातून एक ताट आत सरकवलं गेलं आणि दार लागलं.

अण्णा दाराशी गेले. "अगं, काय झालं?"

आतून उत्तर आलं, "तलावावर जाणाऱ्या माणसानं चुलीजवळ यायचं नाही."

"मी काय मारत नाही तिथं. गळच नाही काठीला."

"गळ नाही तर काठी कशाला?"

"लांब फेकायला."

"फेकून काय होतं?"

अण्णा दारापासून मागे फिरले. ते ताटापाशी येऊन बसले. भाकरी तीच, चटणी तीच, पण दारातून येईपर्यंत भाकरीचा पापुद्रा बसलेला. पाट नाही, चूल नाही, समोर पदरानं घाम पुसत 'अजून एक' म्हणून वाढणारं माणूस नाही. समोर होतं यंत्र. त्यांनी यंत्राकडे बघत जेवण उरकलं. आम्ही बोळातली माणसं नंतर सांगायचो की त्या आठवड्यातल्या नाड्या सैल निघाल्या.

कुंडलिकला वाईट वाटलं. "मालक, सोडून द्या काठी. माजी मला द्या. वैनी म्हनत्यात ते खरं मानायचं, आन सुखानं जेवायचं."

"सोडली असती की," अण्णा म्हणाले. "पण बाभळीपाशी पोचलोय हो. पलीकडे एकदा गेला असता ओळंबा तर ठेवून दिली असती काठी." हे खोटं होतं आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

त्यात भोगी तोंडावर आली. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी म्हणजे त्या घरातलं वर्षाचं मोठं जेवण. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांगी-गाजर-पावटा-हरभरा एकत्र शिजलेली भाजी. ती भाकरी तव्यावरून सरळ पानात आली तरच भाकरी, नाहीतर तिचा खापरीचा तुकडा होतो. भोगीच्या दिवशी आपण कारखान्यात यंत्राशी पंगत मांडून बसलो आहोत, हे चित्र अण्णांच्या डोळ्यांपुढून हलेना. ते मागच्या दाराशी गेले आणि बंद दाराला म्हणाले, "तू ये तलावावर. डोळ्यांनी बघ. गळ दिसला तर काठी तिथंच मोडतो. नाही दिसला तर मला आत घे."

मग दार बोटभर उघडलं. "येते. अक्कांना पण आणते. तुमच्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही, अक्कांच्या आहे."

भोगीच्या आधीचा रविवार उजाडला. अण्णांनी आदल्या दिवशी दोराला खळ लावली होती आणि घाबरलेला माणूस करतो तसं दुप्पट लावली होती. दोर इतका जाड झाला होता की कुंडलिक म्हणाला, "मालक, हे दोर न्हाय, शेव हाय." एसटीत पुढच्या बाकावर दोघी नणंदा-भावजया ताठ बसल्या होत्या, मागच्या बाकावर आरोपी आणि त्याचा साथीदार. कंडक्टरनं पडद्याच्या दांडीकडे बघितलं आणि बायका बघून त्याला वाटलं, आज पडदा बसवणार.

तलावाच्या काठी गौरम्मांनी पदर नाकाला लावला. वास कसलाच नव्हता, पण वास असणार ह्याची त्यांना खात्री होती. ईरम्माक्कांनी दगडावर बसून काठी टोकापासून तपासली. ओळंबा हातात घेऊन उलटा केला, सुलटा केला.

"गवंड्याचा आहे," त्यांनी जाहीर केलं. "गळ नाही."

"आत्ता नाही," गौरम्मा म्हणाल्या. "पाण्यात गेल्यावर काय होतं बघू."

अण्णांनी पहिल्या दोन-तीन फेकी हलक्या केल्या. ओळंबा जवळच पडे, ते गुंडाळत, पुन्हा फेकत. खळीचा दोर पाण्यात पडून राही, फुगे, पांढरा होई आणि परत येताना मागे पिठाची रेघ सोडी. मग त्यांनी कपाळावरचा घाम मनगटानं पुसला, पाण्याकडे पाठ केली, ओळंबा समोर जमिनीवर लांब ठेवला आणि पाटा-वरवंट्याच्या ताकदीनं कंबर फिरवली. अंगठा उचलला तो नेमक्या क्षणी. चकरी गायली. ओळंबा वर गेला, लहान झाला, दिसेनासा झाला आणि बाभळीच्या पलीकडे, चांगला पलीकडे, पाण्यातून पांढरा थेंब उडाला. एक पाणकावळा मान वळवून त्या थेंबाकडे बघू लागला.

अण्णा गर्रकन मागे वळले. कुणीही बघत नव्हतं.

गौरम्मा, ईरम्माक्का आणि कुंडलिक तिघंही काठाशी वाकून खाली बघत होते. उथळ पाण्यात, पिठाच्या रेघेवर, मासेच मासे. बोटाएवढे, वीतभर, हातभर. दाटीवाटीनं, गोल तोंडं उघडत, मिटत, दोराला हलकेच चुंबत, एकमेकांना ढकलत, पण जागा न सोडता. सोलापुरात लग्नाच्या दुसऱ्या पंगतीला जशी माणसं बसतात तशी. दोर धरून ती रांग आत, खोल पाण्यात गेली होती.

"एन्री इदु?" गौरम्मा म्हणाल्या. हे काय आहे?

अण्णांनी खाली बघितलं. इतक्या रविवारांत त्यांनी पहिल्यांदाच काठाजवळ बघितलं होतं. "मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "खळ खायलेत वाटतं."

"कसली खळ?"

"पिठाची."

"कुठल्या पिठाची?"

आता पळायला जागा नव्हती. समोर पाणी, मागे अक्का. "आपल्या डब्यातल्या. ज्वारीच्या."

उंदीर निर्दोष सुटले. मनातल्या मनात काठी मोडून अण्णांनी भोगीच्या भाकरीचा निरोप घेतला. एवढ्यात शेजारी पाणी फडफडलं. कुंडलिकनं सवयीनं आपला गळ पंगतीच्या मधोमध सोडला होता आणि त्याला हातभर लांबीचा पाहुणा लागला होता. तो त्यानं वर ओढला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपल्याकडे कोण बघतंय.

"खाली ठेव त्याला," गौरम्मा म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

"वैनी, धरलेला हाय."

"जेवत होता तो. माझ्या पिठावर. पानावर बसलेल्याला कुणी उठवून नेतं का? तुझ्या आईनं हेच शिकवलं?"

नेव्हीत कुंडलिकनं कप्तानाच्या शिव्या खाल्ल्या होत्या, पण असं कुणी बोललं नव्हतं. त्यानं वाकून, हात ओले करून गळ सोडवला आणि पाहुण्याला पाण्यात सोडलं. पाहुणा क्षणभर थबकला आणि पुन्हा पंगतीत जाऊन बसला. बहुधा भाजी यायची राहिली होती.

ईरम्माक्कांनी दोन्ही हात जोडले. "गौरा, दासोह झाला गं हा. येईल त्याला अन्न. ना जात विचारली, ना गाव."

"पीठ माझं," गौरम्मा म्हणाल्या.

"मग पुण्य पण तुझंच की."

गौरम्मांनी नाकावरचा पदर काढला आणि चपला बाजूला सोडून काठावर आल्या. बराच वेळ त्या पाण्यात बघत उभ्या होत्या. अण्णा चकरी फिरवत होते आणि ओळंबा बाभळीपलीकडून, कुणीही न पाहिलेल्या त्या ठिकाणाहून, भरल्या पंगतीतून वाट काढत परत येत होता. परतीच्या एसटीत बायका मागे आणि पुरुष पुढे बसले की पुरुष मागे आणि बायका पुढे, ह्याबद्दल दोन मतं आहेत. पण कुंडलिक एकटा उभा होता, ह्यावर सगळ्यांचं एकमत आहे.

भोगीच्या दिवशी अण्णा सकाळपासून यंत्राशी बसले होते, पण कान मागच्या दाराकडे. तलावावरून आल्यापासून गौरम्मा कामात बुडालेल्या, हो म्हणेनात की नाही म्हणेनात. ताट अजून दारातूनच सरकत होतं. भाजीचा वास आला. मग तिळाचा खरपूस वास आला. बांगड्या वाजल्या.

"ऊटाक बर्री."

अण्णा उठले ते यंत्र बंद न करताच. त्या यंत्रानं पुढे परकराची नाडी एकट्यानंच बरीच विणली. पाट चुलीपुढे, आपल्या जागी होता. तव्यावरून भाकरी उतरली, तीळ तडतडत होते, वर लोण्याचा गोळा ठेवला तो बसायच्या आधी वितळला. अण्णांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. वरच्या खोलीत कुंडलिकलाही ताट गेलं होतं. गळ सोडवल्याचं बक्षीस, असं गौरम्मा म्हणाल्या. आता त्यानं पाहुणे धरायचे तर तलावाच्या पार दुसऱ्या तोंडाला जाऊन, असं ठरलं होतं.

कोपऱ्यात एक नवा डबा होता. अण्णांनी नजरेनंच विचारलं.

"त्यांच्यासाठी," गौरम्मा म्हणाल्या. "रविवारचं पीठ वेगळं ठेवलंय. घरातलं चोरून नेऊ नका. थोडा गूळ पण घातला तर चालेल का खळीत?"

"दोर चिकट होईल."

"मग राहू द्या." त्यांनी दुसरी भाकरी थापायला घेतली. परातीवर थापटा-थापटीचा आवाज होत होता. मध्येच हात थांबला. "अहो, एक विचारू? काठच्या काठाला सगळी गर्दी. ते वाळकं झाड आहे ना मधे, बाभळीचं?"

"आहे की."

"त्याच्या पलीकडचे उपाशी राहत असतील. तिथपर्यंत जातं का हो तुमचं ते?"

अण्णांनी घास गिळला. तोंडाशी आलेली सगळी हकीकत, तो अंगठा, तो थेंब, मान वळवणारा पाणकावळा, त्यांनी घासाबरोबर आत घेतली. ती सांगून कुणाला पटली असती? आणि आता सांगायची गरजही राहिली नव्हती.

"लई लांब आहे," ते म्हणाले. "पण तू म्हणतेस तर बघतो. दर रविवारी बघत राहायला लागेल."

"बघा की मग," गौरम्मा म्हणाल्या, आणि तव्यावरची भाकरी उलथली.